केंदाळाखालचा मासा

माझे वडील वर्षातून एकदा नदीत उतरायचे आणि पाण्याखाली दिसेनासे व्हायचे.

कुरुंदवाडच्या बाजूला नदीकाठी गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून एक पंप बसवला होता. त्याची देखरेख अप्पांकडे होती. पंपाचा जाडजूड पाइप नदीत खोलवर गेलेला आणि त्याच्या तोंडाशी जाळीची झडप. तिला सगळे फुटवॉल म्हणायचे. पावसाळा संपून पाणी ओसरलं की त्या जाळीला गाळ, चिंध्या आणि केंदाळाच्या मुळ्या अडकलेल्या असायच्या. केंदाळ म्हणजे ती जांभळ्या फुलांची जलपर्णी, पण आमच्याकडे तिला जलपर्णी कोणी म्हणत नाही. जाळी मोकळी केल्याशिवाय पंपाला पाणी ओढता यायचं नाही. मग अप्पा अंगातला सदरा काढून घडी करून अव्वाच्या, म्हणजे माझ्या आईच्या हातात द्यायचे, कमरेला दोर बांधायचे, गळ्यातल्या लिंगाला हात लावायचे आणि छातीभर हवा घेऊन खाली जायचे. दोराचं दुसरं टोक काठावरच्या माणसांकडे असायचं.

मी अव्वाचा पदर धरून उभी असायची. अप्पांबरोबर मीही श्वास रोखायची. माझा श्वास नेहमी आधी सुटायचा आणि मला वाटायचं की आपण त्यांना खाली एकटं सोडलं.

मी हायस्कुलात असताना एका वर्षी जाळीभोवती कुणाचं तरी नायलॉनचं मासे धरायचं जाळं गुंडाळलेलं होतं. अप्पांचा पाय त्यात अडकला. दोराला हिसका बसला, माणसांनी ओढलं, पण दोर येईना. मग एकदम आला आणि पाठोपाठ अप्पा आले. नडगी सोलून रक्त येत होतं आणि पायात जाळ्याचा तुकडा तसाच होता. काठावर पालथे पडून त्यांनी पाणी ओकलं आणि पहिला प्रश्न विचारला तो पंप सुरू झाला का, हा. घरी आल्यावर ते नेहमीसारखे जेवले. अव्वाने त्यांना वाढलं. त्या गोष्टीबद्दल आमच्या घरात कुणी एक शब्द काढला नाही. पुढच्या वर्षी ते परत उतरले, त्याच्या पुढच्या वर्षीही.

नव्वदचं दशक संपता संपता मी कोल्हापुरात मेकॅनिकलला होते. शाहूपुरीत मामाकडे राहायची. वर्गात आम्ही दोघीच मुली. दुसरी पन्हाळ्याची, तिचे वडील तिथे तालुक्याच्या कचेरीत नोकरीला. कोल्हापूरकडच्या पोरींसारखी ती "मी येतो, मी जातो" असंच बोलायची, आणि आवाज असा की प्रयोगशाळेत यंत्रं चालू असतानाही तिचं बोलणं बाहेरच्या शिपायाला ऐकू जावं. शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला आम्ही दोघी एकत्र आलो, कारण बाकीच्यांनी आपापले गट आधीच करून टाकले होते.

विषय मी सुचवला. पाण्याखाली माणसाच्या आधी जाईल असं काहीतरी करू या, म्हटलं. मैत्रिणीला मी अप्पांचं सांगितलं होतं. ती लगेच तयार झाली.

पहिल्यांदा आम्ही सगळे करतात तेच केलं. प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा घेतला, त्याची दोन्ही तोंडं बंद केली आणि मागे एक छोटा पंखा लावला, बोटीला असतो तसा. तो घेऊन रंकाळ्याच्या कडेला गेलो. मोकळ्या पाण्यात तो झकास पळाला. केंदाळात शिरला आणि पंख्याला मुळ्या अशा काही गुंडाळल्या की मोटर गुरगुरून गप्प झाली. मैत्रीण पायऱ्यांवर बसून ब्लेडने मुळ्या कापत होती. मी चिडून पाण्याकडे बघत होते. त्याच मुळ्यांमधून बोटाएवढे मासे आरामात ये-जा करत होते. कशाला अडकत नव्हते, कशात गुंतत नव्हते. मी तिला हाक मारून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्येंच्यात गोल फिरणारं काय न्हायच की. मग गुंडाळणार कशाला?"

आमचे गाइड सर द्रवयांत्रिकी शिकवायचे. बाहेरच्या देशांत माशासारखी पोहणारी यंत्रं करायचे प्रयत्न चालले आहेत, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. तिकडे मोठमोठ्या टाक्या आहेत, माणसं आहेत, वर्षं आहेत, तुमच्याकडे परीक्षेपर्यंतचा वेळ आहे, असं त्यांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं. पण नको म्हणाले नाहीत. प्रयोगशाळेतला हौद वापरायला दिला, आणि आम्हाला तेवढंच हवं होतं.

पंखा काढून आम्ही शेपटी लावली. जुन्या जीपच्या वायपरची मोटर भंगारातून आणली होती. वायपर जसा काचेवर इकडून तिकडे जातो तशी ती शेपटी हलवायची. शेपटी पत्र्याची. पुढे नाक म्हणून एक प्लॅस्टिकचं नरसाळं चिकटवलं. बॅटरी आणि बटण काठावर, मधे लांब वायर. हौदात सोडून बटण दाबलं तर शेपटी डावीकडे गेली की नाक उजवीकडे, शेपटी उजवीकडे गेली की नाक डावीकडे. यंत्र जागच्या जागी मान हलवत राहिलं. एक इंचही पुढे सरकलं नाही.

"ह्यो पोहत न्हाय गं," मैत्रीण म्हणाली, "ह्यो नको नको म्हणतोय."

आम्ही मोटर वेगात फिरवून पाहिली, हळू फिरवून पाहिली, शेपटी मोठी केली, लहान केली. ते नकोच म्हणत राहिलं. त्यातच शेपटीचा दांडा जिथून बाहेर यायचा तिथून पाणी आत शिरायला लागलं. एका दुपारी उघडून पाहिलं तर मोटर पाण्यात बुडालेली. ती वाळवायला गच्चीवर ठेवली आणि मी मैत्रिणीला म्हटलं की आपण विषय बदलू. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी ती पंचगंगेवरून एका मच्छीमाराकडून जिवंत मासा घेऊन सरळ मामाच्या दारात आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी आणि पाण्यात मासा.

आमचं घर लिंगायतांचं. मामाकडे अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नव्हतं. मामी देवपूजा आटपून बाहेर आल्या आणि त्यांना पिशवी दिसली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ही कोल्हापुरात राहून बिघडली, आता हिच्या आईला काय तोंड दाखवू, असं सगळं त्या बघण्यात होतं.

"मामी, खायला न्हाय हो," मैत्रीण घाईघाईने म्हणाली, "बघायला आणलाय."

बघायला म्हणजे काय, ते मामींना समजावून सांगायला बराच वेळ लागला. शेवटी मासा न्हाणीतल्या धुण्याच्या टबात ठेवायचा, स्वयंपाकघराकडे त्याचं पाणीसुद्धा उडवायचं नाही आणि काम झालं की जिथून आणला तिथे नेऊन सोडायचा, या बोलीवर परवानगी मिळाली. मामा घरी आले, हातपाय धुवायला गेले, टबात बघितलं, परत बाहेर आले आणि काही न विचारता अंगणातल्या नळावर गेले.

आम्ही दोघी टबावर ओणव्या होऊन बघत राहायचो. वरून बघितलं की सगळं दिसतं. माशाचं डोकं जवळजवळ स्थिर असायचं. बाक पडायचा तो कल्ल्यांच्या मागून, हलकासा, आणि मग तो मागे मागे सरकत मोठा होत जायचा. शेपटीच्या टोकाला पोहोचेपर्यंत पुढे दुसरा बाक सुरू झालेला असायचा. दोरी झटकली की तिच्यातून लाट जाते ना, तसं. शेपटीचं टोक सगळ्यात शेवटी यायचं, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं. आमची पत्र्याची शेपटी मात्र दारासारखी होती. एका बिजागरीवर उघडायची आणि मिटायची. दार कितीही आपटलं तरी घर पुढे सरकत नाही.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी न्हाणीत गेले तर मामी स्टुलावर बसून टबात कणकेच्या बारीक गोळ्या टाकत होत्या. मला बघून जरा ओशाळल्या. उपाशी ठेवायचं पाप कशाला, एवढंच म्हणाल्या. मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांच्या शेजारी खालीच बसले. मग आम्ही तिघी मिळून त्या माशाकडे बघत असू. पुढच्या रविवारी त्याला पंचगंगेत सोडायला मामी स्वतः घाटावर आल्या होत्या.

नवी शेपटी ट्रॅक्टरच्या ट्यूबची केली. मुळाशी रबराचे थर जास्त, टोकाकडे कमी, म्हणजे मुळाशी ताठ आणि टोकाला लवचिक. मधून एक पोलादी पट्टी घातली, खोक्यांना बांधतात तसली. डोकं स्थिर राहावं म्हणून ते जड करायचं होतं. त्यासाठी फाउंड्रीतून बिडाच्या लोखंडाचे तुकडे आणून नाकात भरले. दांड्याभोवती रबरी सील आणि भरपूर ग्रीस. हे सगळं एकदम जमलं असं नाही. एकदा मासा नाक खाली करून तळाला जाऊन उभा राहिला. एकदा पोट वर करून तरंगला, आणि मैत्रीण म्हणाली की गेला बिचारा. पण एका सकाळी बटण दाबलं, शेपटीतून लाट गेली, टोक उशिरा आलं आणि आमचा मासा पुढे निघाला. हळू, जरासा तिरका, पण पुढे. हौदाच्या त्या टोकाच्या भिंतीला त्याचं नाक टेकलं. मग मैत्रिणीने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की माझ्या हातातलं बटण पाण्यात पडता पडता राहिलं.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून परीक्षक आले होते. चष्मा लावलेले, मितभाषी गृहस्थ. आम्ही रंकाळ्यावरून पोतंभर केंदाळ आणून हौदाच्या मधल्या भागात दाबून पसरलं होतं. अलीकडे मोकळं पाणी, पलीकडे मोकळं पाणी आणि मधे हिरवा पट्टा. त्याखालून मासा पार जायचा होता. आधी तो दोनदा गेला होता, पण दोनदाच.

त्याच दिवशी अप्पा पंपाचे सुटे भाग घ्यायला शाहूपुरीत आले होते. मामींनी त्यांना सांगितलं की पोरीची परीक्षा आहे, मासा पोहणार आहे. ते सामानाची पिशवी घेऊन सरळ कॉलेजात आले. मला कळलं ते पाण्याच्या पलीकडच्या काठाला टोपी आणि धोतर दिसलं तेव्हा. त्यांना बाहेर जा म्हणायला वेळ नव्हता. परीक्षकांनी मान हलवली आणि मी बटण दाबलं.

मासा निघाला. मोकळ्या पाण्यात चांगला गेला आणि केंदाळाखाली शिरला. वायर त्याच्या मागून सरकत होती. मग ती थांबली.

केंदाळ अगदी स्थिर होतं. कुठे एक पान हलेना. मैत्रिणीचा हात वायरकडे गेला, ओढून काढायला. मी मानेनेच नको म्हटलं. बॅटरीला जोडलेल्या मीटरचा काटा मला दिसत होता. शेपटी एका बाजूला गेली की काटा वर, परत आली की खाली. काटा डोलत होता, म्हणजे मासा खाली झटत होता. सरांनी घड्याळ बघितलं. परीक्षकांनी चष्मा काढला आणि परत लावला. मी समोर बघितलं. अप्पा हौदाची कड दोन्ही हातांनी धरून वाकले होते. पिशवी कधी खाली पडली त्यांना कळलं नव्हतं. गास्केट आणि नटबोल्ट जमिनीवर सांडले होते. त्यांची नजर त्या हिरव्या पट्ट्यावरून हलत नव्हती. माझ्या लक्षात आलं की त्यांनी श्वास रोखून धरलाय.

मग पलीकडच्या कडेची पानं थरथरली. वायर हळूच पुढे सरकली. केंदाळातून लाल नरसाळ्याचं टोक बाहेर आलं. शेपटीला एक मुळी लटकत होती, ती दोन फटक्यांत निसटून गेली. अप्पांनी सोडलेला श्वास मला अलीकडच्या काठावर ऐकू आला.

परीक्षकांनी विचारलं की याचा उपयोग काय. या प्रश्नाचं उत्तर मी पाठ करून गेले होते. धरणं, पूल, पाण्याखालची पाहणी, असं बरंच होतं त्यात. पण तोंडातून दुसरंच निघालं. माझे वडील दरवर्षी नदीत फुटवॉल साफ करायला उतरतात, खाली काय अडकलंय ते आधी कळत नाही, म्हणून त्यांच्या आधी दुसरं कुणीतरी जावं असं मला वाटत होतं, असं मी सांगितलं. अप्पा समोर उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"मग हा ते करू शकेल?" परीक्षकांनी विचारलं.

मी नाही म्हणाले. नदीच्या गढूळ पाण्यात त्याला काही दिसणार नाही आणि त्याला हातही नाहीत. तो फक्त जाऊ शकतो आणि न अडकता बाहेर येऊ शकतो. परीक्षक थोडे हसले, पहिल्यांदाच. एवढं आलं तर बरंच आलं, म्हणाले.

संध्याकाळी एसटी स्टँडजवळच्या गाड्यावर आम्ही बापलेक चहा प्यायलो. मैत्रीण पन्हाळ्याच्या गाडीत बसून गेली होती. जाताना खिडकीतून अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात तिने अप्पांना सांगितलं की पोरगी हुशार हाय तुमची. अप्पा बशीत चहा ओतून घेत होते, पण पीत नव्हते.

"वर थांबणाऱ्याचं असं हुतं व्हय?" ते म्हणाले.

मी मान हलवली.

"तुला त्यो काटा तरी दिसत हुता. तुझ्या अव्वाला काय दिसतंय?"

त्यांनी चहा प्यायला, टोपी सारखी केली आणि बघू कायतरी, म्हणाले. त्यांची गाडी लागली होती. बघू कायतरी हे ते पाहुण्यांच्या लग्नाच्या बोलाचालीपासून म्हशीच्या दुखण्यापर्यंत सगळ्यालाच म्हणायचे. म्हणून मी त्याच्यावर फार भरवसा ठेवला नाही.

निकाल चांगला लागला. मासा प्रयोगशाळेच्या कपाटात राहिला. पुढच्या मुलांनी त्याला बाजूचे पर लावून वळायला शिकवलं, असं सरांकडून कळलं. मला उद्यमनगरात पंपाच्या एका कारखान्यात काम मिळालं.

पावसाळा संपला तशी मला झोप लागेनाशी झाली. दसरा झाला आणि अप्पांचा निरोप आला की रविवारी फुटवॉलचं काम आहे, यायचं तर ये. मी पहिल्या गाडीने निघाले. गावात उतरून सरळ नदीकडे गेले. काठावर माणसं जमलेली लांबून दिसत होती. अव्वा नेहमीच्या जागी उभी होती. तिच्या हातात अप्पांचा सदरा आहे का, ते मी आधी बघितलं. हात रिकामे होते.

नदीकाठी तीन लोखंडी पाइपांची तिकटी उभी केली होती आणि तिला साखळीची कप्पी टांगली होती. पाण्यातल्या पाइपाचे बोल्ट वरच्या बाजूला खोलून साखळी बांधली होती. चार माणसं साखळी ओढत होती आणि अप्पा सदरा घातलेले, चिखलात उभे राहून हळू, हळू असं सांगत होते. यापूर्वी हे का केलं नव्हतं तर दिवस मोडतो म्हणून. बुडी मारली की काम लगेच व्हायचं. आताही दोघातिघांची कुरकुर चाललीच होती. एकाने सरळ विचारलं की आज उतरत का नाही.

"गुडघा दुखतोय," अप्पा म्हणाले.

तोच गुडघा घेऊन ते सकाळपासून चिखलात उभे होते. अव्वाने माझ्याकडे बघितलं आणि चटकन तोंड दुसरीकडे फिरवलं. तिचे खांदे हलत होते. आधी मला वाटलं रडतेय. जवळ गेले तर हसत होती, पदर तोंडाशी धरून. मग मलाही आवरेना. आम्ही दोघी काठावर उभ्या राहून अशा हसलो की माणसं वळून बघायला लागली. अप्पांनी आमच्याकडे एकदा रागाने बघितलं आणि परत हळू, हळू सुरू केलं.

दुपार कलल्यावर पाइप वर आला. टोकाला चिखलाचा आणि मुळ्यांचा एक गोळा होता. एकाने बादलीने पाणी मारलं, दुसऱ्याने कोयत्याने मुळ्या तोडल्या आणि खालून लोखंडी जाळी दिसायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा मी तो फुटवॉल बघत होते. लहानपणापासून माझ्या मनात तो विहिरीएवढा होता, काळा, तोंड वासलेला. हा तर कोंबड्या झाकायच्या डालग्यापेक्षा थोडा मोठा होता.

अव्वा चार पावलं पुढे गेली, वाकली आणि तिने बोटाने त्याची जाळी दाबून बघितली.

"एवढंच हाय व्हय ह्ये?" ती म्हणाली.

मग तिने हात नदीत धुतले आणि सगळ्यांना जेवायला हाक मारली. भाकरी सकाळच्या होत्या, कडक झालेल्या. अप्पा माझ्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी माझ्या हातातली अर्धी भाकरी मोडून घेतली.